कोल्हापूरहून रत्नागिरीला रेल्वेने कसे जावे

कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर आहे. सकाळी नाष्टा करून एसटीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला रत्नागिरीत असतो. हा प्रवास कोणालाही जमतो, म्हणून त्याविषयी लिहिण्याचे कारण नाही. प्रस्तुत मार्गदर्शिका हाच प्रवास रेल्वेने करू इच्छिणाऱ्या सज्जनांसाठी, तसेच अशा सज्जनांची तिकिटे काढून देण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले आहे त्यांच्यासाठी आहे. पहिल्या वर्गात आमचे दाजी येतात. दुसऱ्या वर्गात मी.

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्याने माझे साडू. बायको दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. एकुलती लेक रत्नागिरीला दिली आहे. एसटीने जायला त्यांची ना असते, कारण घाटात त्यांना गाडी लागते. मलकापूर मागे पडलं की डोकं गरगरतं आणि साखरपा येईपर्यंत जीव नकोसा होतो, असं ते सांगतात. रेल्वेत यातलं काही होत नाही. तेव्हा रेल्वे. आणि रेल्वेचं तिकीट काढायचं तर धाकट्या साडूच्या हातात फोन आहेच.

नियम १. प्रथम डोंगर समजून घ्यावा.

जिज्ञासू प्रवासी विचारतो, की १३० किलोमीटरवरच्या गावाला थेट गाडी का नाही? त्याने नकाशा उघडावा. देशावरून कोकणपट्टीत उतरायला रेल्वेला उत्तरेकडे कसाऱ्याचा थळ घाट आहे, त्याच्या खाली खंडाळ्याचा बोर घाट आहे, आणि त्यानंतर एकदम दक्षिणेला कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. बोर घाट आणि ब्रागांझा घाट यांच्या मधल्या सगळ्या सह्याद्रीत रूळ कुठेही खाली उतरत नाहीत. मोटारीला वरंध आहे, कुंभार्ली आहे, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली, हवा तो घाट घ्या. आगगाडीला मात्र इतका चढ झेपत नाही. ब्रागांझा घाटात ३७ फुटांमागे १ फूट चढ आहे, तर तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात.

कोल्हापूर ते वैभववाडी हा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला. कराड-चिपळूणचंही असंच मंजूर झालेलं आहे. दोन्हींची कात्रणं दाजींच्या कपाटात आहेत. रूळ अजून कपाटाबाहेरही नाहीत आणि डोंगरातही नाहीत.

नियम २. कुठेही जायचे असो, आधी मिरजेला जावे.

यात निवड नाही. कोल्हापूरचं छत्रपती शाहू महाराज टर्मिनस हे नावाप्रमाणे टर्मिनस आहे, रूळ तिथे संपतात. दिल्लीला जा, तिरुपतीला जा, नाहीतर समोरच्या डोंगरापलीकडच्या रत्नागिरीला जा, गाडी रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर करत पूर्वेकडेच निघते. रत्नागिरी पश्चिमेला आहे हे मनातून काढून टाकावं.

नियम ३. अ‍ॅपला विचारावे, पण त्याचे ऐकू नये.

फोनमध्ये ‘कोल्हापूर ते रत्नागिरी’ असं टाकलं की अ‍ॅप आधी थोडा वेळ गोल गोल फिरतं. मग थेट गाडी नसल्याचं नम्रपणे कळवतं. आणि मग त्याच्यातला विद्वान जागा होतो.

पहिला पर्याय: रात्री महालक्ष्मीने मुंबई, दुसरा संपूर्ण दिवस मुंबईच्या फलाटावर, त्या रात्री कोकणकन्या, पहाटे अंधारात रत्नागिरी. दुसरा पर्याय: पुणे, पनवेल आणि खाली. हा मार्ग सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास भरतो. पुण्याहून कोकणात उतरणारी गाडी रोज नसल्याने अ‍ॅप तुम्हाला पनवेलला उतरवतं आणि तिथे ‘थांबा ८ तास २० मिनिटे’ असं हिरव्या अक्षरात लिहितं. त्यात हिरवं काय आहे ते मला आजवर समजलेलं नाही. पनवेलला पहाटे अडीच वाजता आठ तास बसायचं म्हणजे काय, हे ज्याने बसून पाहिलंय त्याने ते लाल अक्षरात लिहिलं असतं.

तिसऱ्या पर्यायाला मात्र मानलं पाहिजे. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूर, बंगळूरहून मंगळूर, मंगळूरहून मत्स्यगंधाने रत्नागिरी. तीन राज्यं, दोन समुद्रकिनाऱ्यांना पुरतील एवढे बोगदे, आणि सगळ्या गाड्यांना बर्थ उपलब्ध! अ‍ॅपचं यात काही चुकत नाही. त्याला फक्त रिकामे बर्थ दिसतात. त्या बर्थवर सत्तरीचा माणूस झोपणार आहे, त्याला रात्री दोनदा उठावं लागतं, आणि बंगळुरात त्याचं कोणी नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मी हा पर्याय गंमत म्हणून दाजींना वाचून दाखवला. ते हसले नाहीत. म्हणाले, “मंगळूरला किती येळ हाय मधी?”

इथे अ‍ॅपवर सगळं खापर फोडणं बरं नव्हे. वळसे घालण्याची परंपरा रेल्वेतच जुनी आहे. नंदीग्राम एक्स्प्रेस मुंबईहून नागपूरला जायची ती मराठवाडा ओलांडून, नांदेड आणि आदिलाबाद करत. भुसावळवरून सरळ जाणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसचे प्रवासी नागपुरात घरी जाऊन झोपून उठले तरी नंदीग्रामचे प्रवासी वाटेतच. पुण्याहून नाशिकला थेट रूळ नाहीत. दौंड-मनमाड करा नाहीतर कल्याण करा. त्यातही पुण्याहून कर्जत, कल्याण आणि मग कसारा असं जायचं तर कल्याणला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. ते टाळायला हुतात्मा एक्स्प्रेस पनवेलला जाऊन उलट्या बाजूने कल्याणात शिरायची. ही माहिती दाजींनी मला एका लग्नाच्या पंगतीत दिली. वाढपी जिलेबी घेऊन दोनदा येऊन गेला.

नियम ४. मार्ग आपणच ठरवावा.

दाजींचा मार्ग ठरलेला आहे. संध्याकाळी कोल्हापूरहून मिळेल त्या गाडीने मिरज. मिरजेला रात्री गोवा एक्स्प्रेस. ती बेळगाव, लोंढा करत ब्रागांझा घाट उतरते आणि पहाटे मडगावला सोडते. मडगावला तोंड धुवून, चहा घेऊन, सकाळची मांडवी एक्स्प्रेस. दुपारी रत्नागिरी. एकूण साडेपाचशे किलोमीटर. थेट रस्त्याच्या चौपट.

याला आमच्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर बोललो. त्यावर त्यांनी खात्यातला दाखला दिला. “पाव्हणं, कालवा कधी नाकासमोर जातोय काय? त्यो उतार बघून जातोय. बारा मैलांवरच्या शेताला चाळीस मैलांनी पाणी आणलंय आमी. पाणी पोचलं न्हवं? मग झालं.”

या मार्गातली सगळ्यात नामांकित जागा म्हणजे दूधसागर धबधबा. गोवा एक्स्प्रेस तिथून जाते तेव्हा डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही इतका काळोख असतो. पावसाळ्यात दाजी खिडकीची काच वर करून बसतात. आवाज येतो, तोंडावर तुषार येतात, समोरच्या बर्थवरून शिव्या येतात. सकाळी मडगावहून फोन करून ते सांगतात, “दूधसागर बघितला बघा.”

मांडवीत मात्र प्रवासाचं सार्थक होतं. तिच्या पँट्रीतलं खाणं नावाजलेलं आहे आणि ते का, हे दाजी स्टेशनागणिक समजावून सांगू शकतात. कणकवली गेली की ते खिडकीशी सरकतात, कारण पुढे वैभववाडी रोड लागतं. मंजूर झालेली कोल्हापूरची लाईन जिथे येऊन मिळायची तेच हे स्टेशन. शेजारी कोण बसलंय ते न पाहता ते बोटाने दाखवतात: “हितनं येणार आमची गाडी.” शेजारी बसलेल्या केरळी माणसाने एकदा मान डोलावली, त्याचं त्यांना फार कौतुक.

नियम ५. जिथून चढायचे तिथूनच तिकीट काढण्याचा हट्ट धरू नये.

हा नियम नवख्याला वेडगळ वाटेल, पण या मार्गदर्शिकेतलं खरं ज्ञान हेच आहे आणि ते मी फुकट देतो आहे.

लांबच्या गाडीचे बर्थ सगळ्या स्टेशनांना सारखे वाटलेले नसतात. गाडी जिथून सुटते तिथला वाटा मोठा, मधल्या स्टेशनांच्या पदरात थोडेफार पडतात. म्हणून मधल्या स्टेशनावरून तिकीट काढायला गेलं की वेटिंग दाखवतं आणि तेही आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल या जातीचं. हे वेटिंग सहसा हलत नाही. जीएनडब्ल्यूएल असेल तर आशा ठेवायला जागा असते. आणि ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून आरक्षित डब्यात घुसता येत नाही.

यावर उपाय असा, की मिरजेहून मिळत नसेल तर पुण्यापासून मडगावपर्यंत बघावं. बर्थ दिसला तर तो घ्यावा आणि लगेच बोर्डिंग स्टेशन बदलून मिरज करावं. मुदतीत बदललं नाही तर पुण्याला बर्थवर कोणी दिसत नाही म्हणून टीटीई तो दुसऱ्याला देऊन टाकतो. मग मिरजेला रात्री गूळ, काकवी आणि पिशव्यांसकट दाजी दारात, आणि बर्थवर कोणीतरी घोरत असलेला.

पुणे ते मिरज हे पावणेतीनशे किलोमीटरचे पैसे मात्र भरावे लागतात. न केलेल्या प्रवासाचं भाडं भरून नको असलेल्या दिशेने जायचं, म्हणजे थेट अंतराच्या चौपट असलेला मार्ग कागदावर सहापट होतो. दाजींनी याला हरकत घेतली नाही. त्यांची हरकत वेगळीच आहे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत बंद केली, ती परत आली नाही, आणि त्याबद्दल ते दर तिकिटामागे मला जबाबदार धरतात.

लोअर बर्थचा ज्येष्ठांचा कोटा अजून आहे. तो हवा असेल तर तिकीट एकट्याचं किंवा दोन ज्येष्ठांचं काढावं. बरोबर भाचा, पुतण्या घातला की कोटा गेला.

नियम ६. दोन तिकिटे एकमेकांना बांधून घ्यावीत.

एक गाडी चुकल्यावर पुढचीही बुडते, ही वळशाच्या प्रवासाची जुनी व्याधी. १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर जोडून घेण्याची सोय आहे. पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली तर दुसरीचे पैसे रद्दीकरणाचा आकार न कापता परत मागता येतात. दोन्ही तिकिटांवर नाव, वय सगळं तंतोतंत एकच हवं, आणि पहिली जिथे सोडते तिथूनच दुसरी पकडायची असली पाहिजे. दाजींचं नाव दोन्ही तिकिटांवर एकच येतं. वय मात्र ते कधी पूर्ण झालेलं सांगतात, कधी चालू.

नियम ७. साठ दिवस आधी जागे व्हावे.

पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. बहुतेकांना हे बरं वाटलं, कारण चार महिन्यांनी आपण कुठे असू हे कोणाला ठाऊक असतं? दाजींना ठाऊक असतं. ते रत्नागिरीत असतात.

नियम ८. तत्काळच्या नादी लागू नये. एसीचं सकाळी दहाला उघडतं, बाकीचं अकराला, आणि दहा वाजून दोन मिनिटांनी आपल्याला कळतं की देशात आपल्याहून चपळ माणसं पुष्कळ आहेत.

नियम ९. ‘विकल्प’ या चौकोनात खूण करू नये. आपण आधीच चार विकल्प संपवून इथे आलेलो असतो.

नियम १०. वाटेत उतरण्याचा मोह आवरावा.

एकाच तिकिटावर पाचशे किलोमीटरच्या वरचा प्रवास असेल तर मधे एकदा उतरून दोन दिवस थांबता येतं, ही रेल्वेची फार जुनी आणि फार सभ्य सोय आहे. पण पहिली विश्रांती पाचशे किलोमीटर झाल्यावरच घेता येते. आपल्या मार्गावर पाचशे भरेपर्यंत रत्नागिरी तासाभरावर आलेली असते. तिथे उतरून दोन दिवस काय करायचं?

नियम ११. पावसाळ्यात घड्याळ घरी ठेवावे.

कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं वेळापत्रक निराळं असतं. दरडींच्या धास्तीने गाड्या हळू हाकतात आणि वेळा बदलतात. जूनमध्ये तिकीट काढताना मे महिन्यातल्या वेळा पाठ असलेला माणूस सगळ्यात घातक. तो माणूस कोण ते सांगायला नको.

नियम १२. “एसटीने का जात नाही?” असे विचारू नये.

हा नियम मला अक्कांनी शिकवला. अक्का म्हणजे थोरल्या मेव्हणीबाई, दाजींच्या सौभाग्यवती. त्या रेल्वेने जात नाहीत. दाजी संध्याकाळी मिरजेची गाडी पकडतात. अक्का रात्री घरी निवांत झोपतात, सकाळी एसटीत बसतात, घाटात शेंगा खातात, बाराच्या आत लेकीकडे पोचतात, भात टाकतात, आणि दुपारी जावयाबरोबर रत्नागिरी स्टेशनवर नवऱ्याला आणायला जातात. दाजी डब्यातून उतरतात, पिशव्या त्यांच्या हातात देतात आणि विचारतात, “घाट लागला न्हाई न्हवं तुला?”

मला हे सगळं फार दिवस विनोदी वाटत होतं. मग एका दिवाळीत जावई आपली मोटार घेऊन कोल्हापूरला आला आणि दाजींना पुढच्या सीटवर बसवून आंबा घाटातून घेऊन गेला. त्यांना काही लागलं नाही. आंब्याला थांबून त्यांनी दोन प्लेट भजी खाल्ली. दुपारी जेवले, नातवाला सायकलवर फिरवलं, आणि चार वाजता जावयाच्या ओळखीची गाडी कोल्हापूरकडे निघाली होती तिच्यात बसून परत आले. राहा म्हणाले सगळे. दाजी म्हणाले, “हितं चार तासावं तर हाय, राहायचं कशाला?” घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

अक्कांनी मला हे सांगितलं ते चपात्या लाटता लाटता, मान वर न करता. “मला लेकीकडं राहायला कारण लागत न्हाई. ह्यास्नी लागतंय.”

दाजींच्या पिढीत बापाने लेकीच्या घरी मुक्काम करायची पद्धत नव्हती. जायचं, पाणी प्यायचं, पोरीला डोळे भरून बघायचं, दिवस मावळायच्या आत निघायचं. चार तासांवरच्या गावाला गेलेला माणूस परत न निघता तिथेच पाय पसरून बसला तर त्याचं त्यालाच कसंतरी होतं. पण साडेपाचशे किलोमीटर रेल्वेत काढून, रात्रभर जागून, धबधबा न बघता बघून आलेल्या म्हाताऱ्याला ‘आता निघा’ म्हणायची कोणाची छाती आहे? त्याला अंथरूण घालून द्यावं लागतं. निदान आठवडाभर तरी ठेवून घ्यावं लागतं. त्याचा थकवा इतका अधिकृत असतो की त्याच्यावर पीएनआर नंबर छापलेला असतो.

हे कळल्यापासून मी पुण्यापासूनच्या तिकिटाचे जादा पैसे त्यांच्याकडे मागत नाही. बाकी कटकट करतोच. ती केली नाही तर त्यांना संशय येईल.

नियम १३. परतीचे तिकीट जातानाच काढू नये.

याबाबत दाजींचा नियम एका ओळीचा आहे: “तितनं बघू.” तिथून म्हणजे मीच बघायचं असतं. आठ दिवसांनी त्यांच्या लेकीचा फोन येतो. “काका, बाबांचं परतीचं झालं का कन्फर्म?” तिचं तसं काही म्हणणं नसतं, पण सासूबाईंची बहीण यायची असते, घर दोन खोल्यांचं असतं, आणि माणसाला नियोजन करावं लागतं. अशा वेळी फोनवर रत्नागिरी-मडगाव आणि मडगाव-मिरज, दोन्हींकडे हिरव्या अक्षरात बर्थ उपलब्ध दिसत असले तरी उत्तर एकच द्यावं: वेटिंग आहे.

मार्गदर्शनाचा खरा कस इथे लागतो. पोरगी हुशार आहे, ती पुढचा प्रश्न विचारतेच: किती? आकडा फार मोठा सांगितला तर ती आपल्याआपण तत्काळ काढायला बसते आणि तिच्या नशिबाने तिला ते मिळतं. फार लहान सांगितला तर होईलच आता कन्फर्म म्हणून ती बाबांचे कपडे इस्त्रीला देते. वीस ते तीसच्या मधला आकडा सांगावा आणि रोज एकाने कमी करत न्यावा. सासूबाईंची बहीण येऊन गेली की मग वाटल्यास तोही थांबवावा. आरएसी झालंय असं मात्र चुकूनही म्हणू नये. आरएसीवर गाडीत बसता येतं, हे तिला माहीत आहे.